अंगठ्याची पारख

वडिलांचं, अप्पांचं, तेरावं उरकल्यावर रेवतीने त्यांच्या अपघातात चेपलेल्या गाडीचं स्टिअरिंगच्या मधोमधचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि थेट शिंगाडेंच्या गॅरेजात येऊन टेबलावर पालथं ठेवलं.

"एअरबॅग फुगली की कव्हर फाटावं म्हणून मागे बारीक रेघ असते. इथे रेघ नाही आणि आत बॅगही नव्हती. वीस वर्षं चाकणच्या कारखान्यात हीच कव्हरं तपासणाऱ्या माणसाच्या गाडीत नकली माल?"

शिंगाडे फडक्याला हात पुसत राहिले. "ताई, चहा सांगू?"

"गेल्या महिन्यात गाडी तुमच्याकडेच होती. बॅग कुणाला विकलीत?"

"विकली नाही." ते तिच्याकडे बघेनात. "तुम्ही जुनी गाडी घेतलीत ना, अप्पांच्याच मॉडेलची? ती सर्व्हिसिंगला आणली तेव्हा अप्पांनी अंगठ्याने कव्हर दाबलं. म्हणाले, प्लास्टिक कडक आहे, उघड. आत पोकळ. नवी बॅग यायला महिना लागणार होता. म्हणाले, 'तोवर माझी कव्हरसकट काढून तिच्या गाडीला बसव, तिचं कव्हर माझ्या गाडीला. ती रोज हायवेने जाते, मी मंडईपर्यंतच.' तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली."

त्यांनी कपाटातून सीलबंद खोकं काढलं. "काल आली."

रेवती बाहेर येऊन आपल्या गाडीत बसली. स्टिअरिंगच्या मधोमध तिने अंगठा दाबला. प्लास्टिक किंचित आत गेलं. तिने अंगठा तसाच ठेवला.