सगळे अठराचे

ताइझच्या रस्त्यावरच्या नाक्यावर त्या दिवशी सगळेच जवान अठरा वर्षांचे होते. सतराचा एक नाही, एकोणिसाचा एक नाही. जणू अख्ख्या यमनमधल्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या होत्या.

मदतसंस्थेच्या बाई तपासायला येणार होत्या. लहान पोरं सापडली तर जीपमध्ये घालून थेट घरी नेणार होत्या. म्हणून कमांडरने सकाळीच पोरांच्या ओठांवर सुरम्याच्या मिशा काढल्या आणि दम भरला, "ज्याचं वय चुकेल, त्याची बंदूक त्याच्या धाकट्या भावाच्या गळ्यात."

नशवानला धाकटा भाऊ होता. त्यात त्याचा एक दात कालपासून हलत होता. तो तोंड गच्च मिटून उभा राहिला.

"वय किती रे, बाळा?" बाईंनी विचारलं.

"अठरा," नशवान म्हणाला आणि दात बाहेर आला. त्याने तो पटकन हातात झेलला.

कमांडर खो खो हसला. "लढाईत दगड लागलाय हो त्याला. मर्द गडी आहे!"

बाईंनी मान डोलावली आणि त्या पुढे सरकल्या. नशवानने सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात शेजारचा गमदान कुजबुजला, "अरे येड्या, मुठीत काय धरून बसलास? फेक ना वर, नाहीतर नवा येणार नाही!"

नशवानचा हात सवयीने उठला. दात आकाशात गेला.

 

आणि सुरम्याच्या मिशांचे सगळे अठरा वर्षांचे जवान सूर्याकडे तोंड करून एका सुरात ओरडले, "सूर्या सूर्या, गाढवाचा दात घे, हरणाचा दात दे!"