होता तेवढा आवाज

पडद्यावर दार आपटलं आणि अण्णांची खुर्ची हादरली. कानांतले कापसाचे बोळे त्यांनी आणखी आत सारले. काही उपयोग झाला नाही. नायकाच्या सासूने नुसतं कपाट उघडलं, तर त्यालाही नगारे वाजले.

शेजारी बायको हसत होती. मांडीवर थापा मारून हसत होती. मांडी अण्णांची होती.

मध्यंतराच्या आत आपलं डोकं फुटणार, याबद्दल अण्णांना शंका उरली नाही. पण उठायचं म्हणजे कुणाशी तरी बोलायचं. अण्णा निवृत्त मुद्रितशोधक. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, पण समासात, बारीक पेन्सिलीने. तोंडावर काही म्हणायची वेळ आली की त्यांना आधी स्वतःचीच चूक दिसायची. आपलेच कान नाजूक झाले असतील. बाकीचे बसलेत ना गुपचूप?

पडद्यावर मोटार उलटली. अण्णा उठले.

बाहेर थिएटरची व्यवस्थापक उभी होती, एक तरतरीत मुलगी, कमरेला वॉकीटॉकी. अण्णांनी वाटेत जुळवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. त्यात ‘माफ करा’ दोनदा आलं.

“एवढंच ना काका? आधी तो कापूस काढा बघू,” ती हसली. “दुपारी हॉल अर्धा रिकामा असतो, त्यामुळे जास्तच घुमतो.” तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. “दोन नंबरचा आवाज खाली घे.”

अण्णा परतले ते गड जिंकल्यासारखे. आवाज खरोखरच माणसांत आला होता. बोळे खिशात टाकून ते ऐसपैस बसले. आता शब्दन् शब्द कळत होता. संवादातली व्याकरणाची एक चूकसुद्धा त्यांनी पकडली.

“काय झालं हो?” बायकोने कानाशी येऊन विचारलं. “मशीन बिघडलं वाटतं यांचं.”

“नाही गं. आता बरं वाटतंय ना?”

“काय?”

तेवढ्यात सासू काहीतरी बोलली आणि हॉल हसला. बायकोने अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग हसली. क्षणभर उशिरा, ओठांवर हात धरून.

हे हसू अण्णांच्या ओळखीचं होतं. जेवणाच्या टेबलावर नातवंडं भराभर बोलू लागली की ती असंच हसायची. कानाचं यंत्र तिच्या पर्समध्ये डबीत पडून असे. ते कुकरसारखं शिट्ट्या मारतं, आणि त्यातून आवाज येतात, शब्द येत नाहीत, असं तिचं म्हणणं.

“मला सांगत जा हं मध्ये मध्ये,” ती म्हणाली. पर्स मांडीवर घेतली, पाठ ताठ केली आणि सगळं समजत असल्यासारखा चेहरा करून पडद्याकडे पाहू लागली.

अण्णा तिच्याकडे पाहत राहिले. मघाशी थापा पडत होत्या तेव्हा हिने एकदाही आपल्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

ते उठले.

“आता कुठे?”

“आलोच.”

व्यवस्थापक अजून तिथेच होती. “आणखी कमी करू का काका?”

“नाही. म्हणजे, वाढवता येईल का? होता तेवढा.”

“अहो, आत्ताच तर तुम्ही—”

“हो, माझंच चुकलं. मला जरा कमी ऐकू येतं.”

तिची नजर त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या कापसाकडे गेली. अण्णांनी त्यावर हात ठेवला. इतकं ढळढळीत खोटं आपण बोललो आणि जीभही अडखळली नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मुलीने वॉकीटॉकी पुन्हा तोंडाशी धरली. “दोन नंबर परत वर घे. होता तेवढा.”

“वर?” वॉकीटॉकी खरखरली. “एकदा काय ते नक्की ठरवा की!”

“ठरलंय,” ती म्हणाली.

अण्णा आत शिरले तेव्हा पायाखालची जमीन थरथरत होती. बायकोने पडद्यावरची नजर न हलवता गुडघे बाजूला घेतले. “बसा लवकर! अहो, सगळा घोळ त्या सासूचाच आहे. मला वाटलंच होतं!”

अण्णांनी बोळे पुन्हा कानांत कोंबले. मांडीवर सणसणीत थाप पडली. दुखली, पण त्यांनी मांडी हलवली नाही.

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ दोन्ही कानांवर हात दाबून मागे वळला. अण्णांच्या कानांतला कापूस त्याला दिसला, आणि गर्दीत गाववाला भेटावा तसा त्याचा चेहरा खुलला.

“काका, फारच आहे ना हो?” तो ओरडला. “मघाशी मिनिटभर बरं होतं. थांबा, मीच जाऊन सांगतो त्यांना.” आणि तो उठायलाही लागला.

अण्णांनी पुढे वाकून त्याची बाही धरली. “बसा हो. ऐकू द्या जरा.”

“काय?”

शेजारी बायको खळखळून हसली. हॉल हसला त्याच क्षणी, कदाचित थोडी आधीच.

अण्णांनी बाही सोडली नाही. चारचौघांत ते इतक्या मोठ्याने कधीच बोलले नव्हते.

“म्हटलं, ऐकू द्या!”