डोळ्यांची आखणी

बाईला डोळेच नव्हते.

टेम्पोतून उतरवलेल्या पुतळ्यांवरचा कागद काढला आणि अष्टमी गावच्या महिला मंडळाची बोलतीच बंद झाली. खुर्चीवर ऐसपैस बसलेली बाई, तिच्यापुढे चहाचा कप घेऊन वाकलेला नवरा. 'घर दोघांचं' असा देखावा. नवऱ्याचे डोळे कसे पाणीदार आखलेले! बाईच्या तोंडावर मात्र नुसता गुलाबी रंग. उद्या गणपती बसायचे आणि आज हे त्रांगडं.

मांडवात हीऽ गर्दी झाली. कुणी म्हणालं, यात काहीतरी खोल अर्थ असणार. कुणी म्हणालं, बाई आंधळी दाखवलीय, म्हणून तर बिचारा नवरा चहा देतोय. धोंडुबाई मीठ विकायला निघाली होती. तिनं टोपली खाली ठेवली नि फिसकन हसली.

"नाय डोळे तेच बरं गो! नवरा चहा आणताना दिसला तर झीट येऊन पडंल ती."

मंडळाच्या अध्यक्षा विमलबाई रडकुंडीला आल्या. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. या देखाव्यासाठी त्यांनी गावातल्या पुरुषांची किती बोलणी खाल्ली होती! त्या जनीकडे वळल्या. वाटेत रंगाचा टवका उडाला तर लावायला म्हणून पेणच्या मूर्तींच्या कारखान्यानं जनीला पुतळ्यांबरोबर धाडलं होतं.

"अगो, डोळे विसरलात की काय?"

"इसरू कसे? बायकांनी अंग रंगवायचं, लुगडं, दागिने रंगवायचे. डोळ्यांची आखणी मालक करतात. त्यांनी बाप्याचे डोळे केले नि कुंचला ठेवला. म्हनले, नवऱ्याला चहा करायला लावणारीला मी डोळे देनार नाय."

"मग तू दे! रंग हाय, कुंचला हाय. भितेस कशाला? आपणच भ्यायलो तर हा देखावा तरी कशाला मांडायचा?"

सगळ्या बायका जनीकडे बघायला लागल्या. जनी पार गोंधळली. हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोला? जन्म दुसऱ्यानं आखायच्या डोळ्यांखालचे गाल रंगवण्यात गेला होता. पण मालकाच्या कानावर गेलं की कारखान्याचं दार बंद. घरची चूल तिच्या एकटीच्या मजुरीवर पेटत होती. या बायका तिला मान देतायत की खड्ड्यात ढकलतायत, तेच तिला उमगेना.

"करते," ती शेवटी म्हणाली. "पन काम गेलं, तर तुमच्या दुकानात ठेवाल मला?"

विमलबाईंनी एकवार बाजाराकडे बघितलं.

"मी ठेवीन गो. पण... आमच्या ह्यांना विचारावं लागेल."

जनीला रागही आला आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यावर करायचं काय?

"मरो ते काम," ती पुटपुटली. तिनं पदर खोचला, कुंचला बुडवला आणि श्वास रोखून एक डोळा आखला, मग दुसरा. हात जरासुद्धा हलला नाही.

बायका पुढं सरकल्या. डोळे झाले होते सुरेख. पण बाई कपाकडे बघतच नव्हती. बुबुळं वर चढलेली.

"ही अशी कुठं बघते गो?" विमलबाईंनी विचारलं.

"नवऱ्याच्या तोंडाकडं," जनी कुंचला पुसत म्हणाली. "कप घेऊ का, म्हणून विचारते."