गिटारची पूजा

खंडेनवमीला तिने नवऱ्याची गिटार पाटावर ठेवली. गिटारवर त्याच्या लाडक्या वादकाची सही होती.

“पूजा कर, पण सहीला हात लावू नकोस,” आंघोळीला जाताना तो म्हणाला. “त्या सहीसाठीच तर घेतलीय.”

गिटार त्याने तिच्या वडिलांची पेटी विकून घेतली होती. गिऱ्हाइकाला नको म्हणून पेटीवरचं त्यांचं नाव त्याने थिनरने पुसलं होतं. ती रडली, तेव्हा तो हसला होता, “नाव गेलं म्हणून सूर जातो का गं?”

तो आंघोळ करून आला. गिटारला झेंडूचा हार होता, सही नव्हती. पाटाजवळ थिनरची तीच बाटली होती.

तिने त्याच्या तळहातावर प्रसादाची साखर ठेवली. “सही गेली म्हणून सूर जातो का हो?”