तीन रंगांचा पाठ

“गुड्डी, तुले येते का? नाई ना? मंग उजवा हात काहून वर केला?”

गुड्डीने उजवा हात खाली घेतला आणि डावा वर केला. भुपेंद्र सरांनी पुन्हा एकदा सगळ्या वर्गाला बजावलं.

“पोरायनो, ध्यानात ठेवा. मॅडम काहीबी विचारू दे, हात सगळ्यायनं वर करायचा. येत असन त्यानं उजवा, नसन येत त्यानं डावा. मी उजव्यावाल्यालेच उठवीन.”

“हौ सर!”

ही युक्ती सरांची स्वतःची नव्हती. त्यांच्या लहानपणी त्यांचे गुरुजीही तपासणीला साहेब आले की हेच करायचे. शाळा कोंढ्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांना लागून होती. पवनीहून शिक्षण विस्तार अधिकारी रिता मॅडम पाठ बघायला येणार होत्या. पाठ चांगला झाला तर आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी सरांचं नाव पुढे जाणार होतं. ही बातमी गावभर सरांनीच पसरवली होती, त्यामुळे आता माघार घ्यायची सोय नव्हती.

आठवडाभर वर्गात दुसरं काही झालंच नव्हतं. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग. त्यातले दोन मिसळले की दुय्यम रंग तयार होतो. काचेच्या ग्लासांत रंगाचं पाणी ओतून सर दाखवत आणि मुलं घोकत. एकदा गुड्डीने तिन्ही ग्लास एकातच ओतले.

“हा काय शेणाचा रंग केला व?” सर ओरडले आणि वर्ग खो खो हसला. मधल्या सुट्टीत पोरं तिला ‘शेणगुड्डी’ म्हणून चिडवू लागली. सरांनी ते ऐकलं, पण कुणाला थांबवलं नाही. घरी गेल्यावर त्यांना फार लाज वाटली. सकाळी तालमीच्या घाईत ते विसरूनही गेले.

सरांची मुलगी टीना याच वर्गात, पहिल्या बाकावर बसायची. “बाकीचे मास्तर आपली लेकरं कॉन्व्हेंटात टाकतेत. माही पोरगी इथंच शिकून राहिली,” असं ते पालकसभेत छाती पुढे काढून सांगत.

मॅडम आल्या. मागच्या भिंतीशी शाळा समितीचे यादोराव आणि काही पालक येऊन बसले.

“लाल आणि पिवळा मिसळला तर?” सरांनी विचारलं. सगळे हात वर गेले. गोलूचा उजवा होता.

“नारिंगी!”

“निळा आणि पिवळा?”

“हिरवा!” टीना म्हणाली.

“लाल आणि निळा?”

“जांभळा!” प्रितम ओरडला.

मॅडम खूश झाल्या. मग त्यांनीच विचारलं, “आणि तिन्ही मिसळले तर?”

हे घोकलेलं नव्हतं. हात वर गेले, पण सगळे डावे. उजवा एकटा गुड्डीचा. नाइलाजाने त्यांनी तिला उठवलं.

“शेणाचा रंग,” गुड्डी म्हणाली.

“अगदी बरोबर! तपकिरी,” मॅडम हसून म्हणाल्या. “कोणी सांगितलं गं?”

“सरनं सांगतलं.”

“किती सोपं करून शिकवता हो तुम्ही!”

सरांना मान वर करवेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. सरांना त्या सव्वा लाखाचीच लाज वाटत होती. गुड्डीने चुगली केली असती तरी त्यांना एवढं लागलं नसतं.

पाठ संपल्यावर मॅडम मुलांशी गप्पा मारायला लागल्या. “आज आंघोळ करून कोण कोण आलं?”

सगळे हात वर. मॅडमनी शाबासकी दिली. पण गोलू, प्रितम आणि आणखी बऱ्याच जणांचे हात डावे होते. पोरं आता हा नियम कशालाही लावत होती, आणि तोही इमानदारीने. सकाळपासून पहिल्यांदाच सरांना हसू आलं.

जायला निघताना मॅडम दारात थांबल्या. “शेवटचा प्रश्न. तुमचे सर कोणाकोणाला आवडतात?”

मग पहिल्या बाकावरून एक हात वर गेला. तो पाहून दुसरा गेला, तिसरा गेला, आणि बघता बघता सगळ्यांचे हात वर झाले. यादोरावांनी टाळ्या वाजवल्या, पालकांनीही वाजवल्या.

“एकही हात खाली नाही,” मॅडम म्हणाल्या. “याहून मोठा पुरस्कार कुठला असतो, सर?”

सर हात जोडून उभे होते. समोरचे सगळे हात डावे होते. सगळ्यात आधी वर गेलेला टीनाचाही.