तारीख आतल्या बाजूला

लाल गाडी टायरच्या दुकानापुढे थांबली. थोरल्या साडूची बायको उतरली आणि बाजूच्या आरशात वाकून केस सारखे करू लागली. मोकळे केस. गाडीला दोनच सीट, टप उघडा. धाकट्या साडूशेजारी बसून ती आली होती. थोरला मागून, आपल्या जुन्या गाडीतून. रस्ताभर त्याला पुढे फक्त ते केस दिसत राहिले. एरवी कोपऱ्यावर दूध आणायला जायचं तरी ती अंबाडा घालून जायची.

"साडूभाऊ, तुम्ही बोट ठेवाल तो टायर," धाकटा म्हणाला. "भाव बेताचा, पकड मात्र माझ्या या गाडीला शोभेल अशी. यात तुमचा हात कोण धरणार? तुम्ही निवडून दिलेला मिक्सर अजून फिरतोय!"

थोरला तयारीने आला होता. वाचून, विचारून, लोकांचं डोकं खाऊन त्याने एक टायर हेरला होता. कंपनी फारशी गाजलेली नाही, पण ओल्या रस्त्यावर पटकन थांबणारा, आणि भाव वाजवी. नाव अगदी जिभेवर होतं.

"अहो, बोला की," बायको म्हणाली. "भाऊजींनी काय पळवली माहितीये! पोटात गोळाच आला माझ्या."

आणि हसली. असं हसताना तिची पडजीभ दिसते, हे तो विसरूनच गेला होता.

त्याने नाव गिळलं.

दुकानदाराने कोपऱ्यातले चार टायर पुढे ओढले. "नामांकित कंपनी. असल्या गाड्यांसाठीच बनवलेले. आणि भाव निम्मा. असा माल रोज येत नाही."

थोरला उकिडवा बसला. टायर उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला आकडे लागले: कुठल्या आठवड्यात बनला, कुठल्या साली बनला. त्या साली धाकटा या घरचा जावईही झाला नव्हता. रबर जुनं झालं तरी दिसायला तसंच राहतं. फक्त आतून दगड होतं. रस्ता धरत नाही.

दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं. त्याने दुकानदाराकडे पाहिलं.

"हेच घ्या," थोरला म्हणाला. "डोळे मिटून घ्या."

पुढचं डावं

चाक चढलं. आकड्यांची बाजू आत गेली. आता गाडीखाली शिरल्याशिवाय तारीख कुणाला दिसणार नव्हती.

कुणाला काही व्हायला नको, थोरल्याने मनात म्हटलं. नुसती घसरावी. एकदाच. चौकात, चार लोकांसमोर. एखाद्या कुंपणाला घासावी. मग चालवेल कडेकडेने, टप लावून.

पुढचं उजवं

धाकटा थोरल्याच्या गाडीभोवती फिरून आला. "साडूभाऊ, जगाला टायर निवडून देता आणि स्वतःचे बघितलेत का? पार टक्कल पडलंय!"

"मालकासारखंच," बायको म्हणाली.

थोरल्याचा हात डोक्याकडे निघाला आणि वाटेतच थांबला.

मागचं डावं

अजून बोलता आलं असतं.

मागचं उजवं

शेवटचा नट आवळला गेला.

"आणि स्टेपनी?" थोरल्याने उगाच विचारलं.

"हिला स्टेपनी नसतेच, साडूभाऊ. दोन माणसं, चार चाकं, विषय संपला."

"नव्या टायरांची पहिली चक्कर माझी!" बायकोने दार उघडून एक पाय आतही टाकला.

"तू नको बसूस."

"का?"

उत्तर चारही चाकांच्या आतल्या बाजूला होतं.

"अहो, का म्हणून?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. दुकानदार जरा जास्तच.

"मला बघवत नाही," थोरला म्हणाला. "जळतो मी."

बोलला ते शंभर टक्के खरं होतं. तरी चोरी पकडल्यासारखा त्याला घाम फुटला.

बायकोने पाय बाहेर घेतला. केस एका हाताने गोळा केले, आणि मग तसेच सोडून दिले.

धाकटा मात्र पोट धरून हसला. "अहो, एवढंच ना? आधी सांगायचं!" त्याने लाल गाडीची किल्ली थोरल्याच्या मुठीत कोंबली. "तुम्हीच चालवा. मी शेजारी बसतो. ताई, तुम्ही यांची गाडी घेऊन या मागून."

स्टेपनी

पाण्याचा टँकर नुकताच ठिबकत गेला होता. पार वळणापर्यंत रस्ता ओला. लाल गाडी त्यावरून पायात काटा रुतल्यासारखी चालली होती. मागे एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून कंटाळला आणि पुढे निघून गेला.

"साडूभाऊ, दाबा की जरा! नवे कोरे टायर आहेत!"

थोरल्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं.

मागून हॉर्न वाजला. त्याचीच जुनी गाडी उजवीकडून झपकन पुढे गेली. काच पूर्ण खाली. खिडकीबाहेर केस उडत होते, तुळतुळीत चाकांवरून, ओल्या वळणाकडे.