सही कोणाची घेऊ?

कंपन्यांच्या फिल्म बनवणाऱ्या प्रीतीला जालन्यातल्या एका वकीलसाहेबांनी बजावून सांगितलं होतं, "आधी लेखी करार, मंग कॅमेरा. आणि मंजुरी एकाच मालकाची. दहा जणांचं ऐकत बसलात, तर फिल्म जन्मात पुरी व्हायची न्हाई."

हा सल्ला गाठीशी बांधून ती परतूरला काकासाहेब आणि कल्याणराव या सख्ख्या भावांच्या कापसाच्या जिनिंगवर गेली. दोघांनी आग्रहानं चहा पाजला, एकमेकांचं तोंडभरून कौतुक केलं. प्रीतीनं करार पुढं सरकवला आणि नम्रपणे विचारलं, "मालक म्हणून सही कोणाची घेऊ?"

"माझीच की!" दोघंही एकदमच म्हणाले.

आणि एकमेकांकडं पाहतच राहिले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्या दिवसापासून जावाजावांचं बोलणं बंद झालं आणि वकिलांचं सुरू झालं. दिवाळीपर्यंत जिनिंगच्या मधोमध भिंत उभी राहिली. फिल्म काही झाली नाही, पण करार मात्र अगदी बिनचूक होता.

पुढच्या वर्षी काकासाहेबांनी आपल्या वाटणीच्या जिनिंगची फिल्म करायला प्रीतीला पुन्हा बोलावलं. त्यांचे दोन्ही मुलगे शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसले होते. प्रीतीनं बॅगेची चेन उघडली मात्र, काकासाहेब ताडकन उठले आणि हात जोडून म्हणाले,


"ताई, कॅमेरा काढा. कागद तेवढा बॅगेतच राहू द्या!"